आबाजी गावाला गेले नाहीत

दुपारी पोस्टातल्या माझ्या काउंटरवर रांग होती आणि ड्रॉवरमध्ये ठेवलेला मोबाईल थरथरत होता. नाव दिसलं शेजारच्या वंदनाबाईंचं. वंदनाबाई उगाच फोन करणाऱ्यातल्या नाहीत, त्यामुळे पहिला विचार आला तो मितूचा. मितू माझी मुलगी, चार वर्षांची. दुपारी घरी ती आणि माझे सासरे, दोघंच असायचे. मी फोन उचलला आणि विचारलं ते एवढंच, की मितूला काय झालं? वंदनाबाई म्हणाल्या, "मितू बरी हाये, माह्या घरी झोपली हाये. तुमचे मामाजी... तुम्ही या लवकर." खरं सांगते, त्या क्षणी मला हायसं वाटलं. मितू बरी आहे, एवढंच कानात शिरलं. उरलेलं वाक्य आत पोचायला वेळ लागला, आणि पोचलं तेव्हा हातातलं पासबुक कुणाचं होतं तेही मला आठवेना.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मागच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या बसल्याच ते गेले होते. वंदनाबाई कढीपत्ता मागायला आल्या, हाका मारल्या, मग जवळ गेल्या. मितू आतल्या खोलीत झोपलेली. त्या माउलीने आधी झोपलेल्या पोरीला खांद्यावर घेऊन आपल्या घरी नेऊन निजवलं आणि मगच चार माणसं गोळा केली. माझा नवरा प्रशांत प्लांटमध्ये ड्युटीवर होता, तो माझ्या आधी पोचला. डॉक्टर म्हणाले, हृदय. सकाळी डबा घेऊन निघताना मी त्यांना भात फडक्यात झाकून ठेवलाय असं सांगितलं होतं, आणि ते नेहमीसारखं "हो बाई" म्हणाले होते. आमची शेवटची भेट ती तेवढीच.

मामाजी सिंदेवाहीकडचे, धानाची शेती करणारे. सासूबाई गेल्या त्याच सुमारास मितूसाठी घेतलेली माझी रजा संपत आली होती, मितू जेमतेम चालायला लागली होती, आणि तिला सांभाळायला मिळालेली तिसरी बाई न सांगता निघून गेली होती. शेत बटईने दुसऱ्याला कसायला देऊन मामाजी एक दिवस तांदळाचं पोतं आणि काठी घेऊन कंपनीच्या क्वार्टरवर हजर झाले. पोरीची बालवाडी सुरू होईतो राहतो म्हणाले. तांदूळ एवढ्यासाठी, की आमच्या दुकानातल्या तांदळावर त्यांचा विश्वास नव्हता. बालवाडी सुरू झाली तरी परत जाण्याचा विषय कुणी काढला नाही. मितूचं न्हाणं, भरवणं, दुपारची झोप सगळं त्यांच्याकडे गेलं, आणि तिची भाषाही. ती "मला" ऐवजी "मले" म्हणायला लागली, "का" ऐवजी "काऊन". बालवाडीच्या मॅडमनी मला बोलावून घरी शुद्ध बोलत जा असं सांगितलं. मी घरी येऊन तो निरोप दिला, तर आजा आणि नात दोघं एकदमच म्हणाले, "काऊन?"

मी मुळातच काळजीखोर. माझी आई म्हणते, तुला सुखाने दोन घास खाता येत नाहीत. पण आमच्या क्वार्टरमागे भिंत, भिंतीपलीकडे बाभळीची झुडपं आणि झुडपांमागे थेट जंगल. इथे काळजी करायला कारण शोधावं लागत नाही. संध्याकाळ झाली की आया हाका मारून पोरं आत घेतात. तरी याच कॉलनीत पोराने घास घ्यावा म्हणून आई सर्रास म्हणते, वाघ येईल हं. मीही म्हणायची. एकदा जेवताना मितू तोंड फिरवून बसली तेव्हा म्हटलं, खा लवकर, नाहीतर वाघोबा येईल. मामाजींनी हातातला घास ताटात ठेवला. जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, त्याचं नाव असं नका घेत जाऊ. आज तुम्ही म्हनान आला, थो येनार नाई. उद्या खरंच आला तं पोरगी हासंल."

त्यांच्या गावात संध्याकाळनंतर वाघाला वाघ म्हणतच नाहीत, जनावर म्हणतात. मला वाटलं त्यातलंच काहीतरी असेल, म्हाताऱ्या माणसाची भीती. पण ते नुसतं वाघापुरतं नव्हतं. हा माणूस चार वर्षांच्या पोरीशी खोटं बोलायचाच नाही. लस टोचायला नेताना मी म्हणत होते, काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं. हे म्हणाले, दुखंल, थोडासा वेळ दुखंल. पोरगी आधीपासूनच रडायला लागली, नर्सबाई वैतागल्या आणि मी मनातल्या मनात मामाजींना चार शब्द सुनावले. सकाळी मी मितूची नजर चुकवून मागच्या दाराने सटकायची. ते त्यांनी बंद केलं. सांगून जा म्हणाले. मग रोज फाटकाशी रडारड, रोज माझ्या पदराला, ओढणीला पोरगी लटकलेली, आणि ऑफिसात दिवसभर माझ्या कानात तिचं रडणं. कित्येक आठवडे मी त्यांच्यावर धुसफुसत होते. नंतर कधीतरी तिने रडणं सोडलं. आई जाते म्हणाली की जाते आणि येते म्हणाली की येते, हा हिशोब तिचा तिने लावला असावा.

साधुसंत नव्हते ते. घोरायचे असे, की भिंतीपलीकडे वंदनाबाईंना कळावं. टीव्हीचा रिमोट त्यांच्या हातून सुटत नसे. आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचे. मितूने खिशात हात घालून पुडी काढली आणि हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "खर्रा हाये. वाईट असते. मले सुटत नाई." या खरेपणाचा चटका आम्हालाही बसायचा. माझी नणंद, म्हणजे त्यांचीच मुलगी, गोंडपिपरीहून मितूसाठी जरीचा फ्रॉक घेऊन आली. चांगला आहे ना आबाजी, असं नातीने विचारलं, तर हे म्हणाले, टोचते. नणंद दोन दिवस फुगून बसली.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दिवस मावळत होता, मी मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. मितू भिंतीजवळ मातीत खेळत होती आणि मामाजी व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. मला काहीच दिसलं नाही. मला फक्त त्यांचा आवाज ऐकू आला. आवाज चढलेला नव्हता, पाणी दे म्हणावं तसाच. "मितू, जनावर हाये. चाल घरात." मितूने हातातलं खेळणं तिथेच टाकलं. काऊन म्हणाली नाही, मागे वळून पाहिलं नाही. उठली, सरळ चालत त्यांच्याकडे गेली आणि त्यांचा हात धरला. मग मी भिंतीकडे पाहिलं... भिंतीवर बिबट बसला होता. मी आत कशी आले ते आजही सांगता येणार नाही. कडी लावताना माझ्या हातातले कपडे खाली पडले आणि मी त्यांच्यावरच बसले. मामाजींनी माठातलं पाणी घेतलं तर पेला हातात हलत होता. मितूने विचारलं, आबाजी, तू भेला? ते म्हणाले, "हो. लय भेलो." तिने तेव्हा "काऊन" म्हटलं असतं तर, हा विचार मी पुरा करत नाही.

वनखात्याची माणसं आली, पिंजरा लावून गेली. व्हरांड्याला जाळी बसवली. त्यानंतर वाघ येईल हे शब्द आमच्या घरात कुणी उच्चारले नाहीत.

आणि अशा माणसाच्या मरणाच्या दिवशीच आम्ही त्यांच्या नातीशी खोटं बोललो. मितू वंदनाबाईंकडून संध्याकाळी घरी आली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. तिने सगळीकडे पाहिलं आणि विचारलं, आबाजी कुठी हायेत? मी शब्द जुळवत होते, तोवर नणंदेने डोळे पुसले, तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, आबाजी गावाले गेले, धान कापाले. कापणीचे दिवस होतेच. नणंदेचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, तिचा बाप गेला होता आणि समोर एवढंसं पोर होतं. कोण काय सांगणार? पण ते वाक्य मग सगळ्यांनीच उचललं. प्रशांतनेही. मी दुरुस्त करेन म्हणता म्हणता एकेक दिवस गेला.

आमच्या बौद्ध रीतीप्रमाणे घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाशी माझी जीभ अडखळली. मितू माझ्या शेजारीच हात जोडून बसली होती. लोक म्हणत होते, लहान मूल आहे, बघा कशी लगेच विसरली. मला कळत होतं की ती विसरलेली नाही, ती वाट पाहतेय. रडत नव्हती, हट्ट करत नव्हती. लाडवातला अर्धा तुकडा आबाजी आल्यावर म्हणून ठेवून द्यायची. धान कापून झालं काय, एवढंच रोज विचारायची. आम्ही म्हणायचो, व्हायचंय. ती मान हलवायची. घरातलं कुणी आपल्याशी खोटं बोलत असेल ही शंकाच तिला नव्हती, आणि त्याचीच मला धडकी भरायची. आज ना उद्या कळणारच होतं. त्या दिवसानंतर ही पोर माझं काय ऐकणार? माझी रजा संपत आली होती, वंदनाबाई दुपारी सांभाळायला तयार झाल्या होत्या, सगळं मार्गी लागत होतं. तरी रात्री डोळा लागत नव्हता.

मग तो दिवस आला. दिवेलागणीची वेळ, मी पोळ्या लाटत होते. आतल्या खोलीत आवाज नाही म्हणून हाक मारली. उत्तर नाही. पुढच्या दाराची कडी निघालेली होती, चपला नव्हत्या. मी तशीच पिठाच्या हातांनी बाहेर धावले. रस्त्यावरचे दिवे अजून लागले नव्हते. मितू, मितू ओरडत मी आधी मागच्या भिंतीकडे पळाले. झुडपांत काही हलतंय का ते पाहत होते, आणि पाहायला धजतही नव्हते. मग मोठ्या रस्त्याकडे. कोपऱ्यावरच्या बस स्टॉपवर ड्युटीच्या बसची वाट बघत एक बाई उभ्या होत्या, आणि त्यांनी माझ्या मुलीचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. मला पाहून त्या म्हणाल्या, "तुमची काय वो पोरगी? सिंदेवाहीले जातो म्हनते. मी नाई सोडलं."

मितूच्या दुसऱ्या हातात मामाजींच्या चष्म्याचं घर होतं. तिला ते पलंगाखाली सापडलं होतं. मला पाहून ती घाबरलीही नाही. तिने मला समजावून सांगितलं, की आबाजी चष्मा विसरून गेले, त्यांना दिसत नाही, विळा लागेल. म्हणून ती द्यायला निघाली होती.

मी तिला उचललं आणि घरी येऊन सगळ्यात आधी कडी लावली. गॅसवरचा तवा तापून काळा झाला होता, तो बंद केला. प्रशांत येईपर्यंत थांबावं असं एकदा मनात आलं. पण तो आला असता आणि आम्ही पुन्हा उद्यावर ढकललं असतं. मी जमिनीवर बसले, तिला समोर बसवलं आणि म्हटलं, "मितू, आबाजी गावाला नाही गेले. आबाजी मेले. ते आता येणार नाहीत."

अंगणात मेलेली खार तिने पाहिली होती. मामाजींनीच दाखवली होती, दोघांनी मिळून खड्डा केला होता. तीच आठवून तिने विचारलं,

"उठत नाई?"

"नाही."

"मंग आत्या खोटं बोलली?"

"हो."

"तू बी?"

मी म्हटलं, "हो. मी पण."

ती रडेल, मला मारेल, पळून वंदनाबाईंकडे जाईल, सगळं मी धरून चालले होते. तिने चष्मा घरातून काढून पाहिला, पुन्हा नीट आत ठेवला, झाकण लावलं. मग माझ्याजवळ सरकली आणि अगदी हळू आवाजात, वंदनाबाईंना भिंतीपलीकडून ऐकू जाऊ नये अशा बेताने, म्हणाली, "मी आबाजीले नाई सांगत."

मामाजी गेल्यापासून मी माणसांचं चहापाणी पाहिलं होतं, फोन घेतले होते, बँकेची कामं केली होती. रडले नव्हते. त्या वाक्यावर मात्र मला आवरलं नाही, आणि मला पाहून तीही रडायला लागली, मोठ्याने, आबाजी आबाजी करत. प्रशांत आला तेव्हा आम्ही दोघी तिथेच जमिनीवर होतो.

जाळीच्या व्हरांड्यात मामाजींची बाज अजून तशीच आहे. हलवावी असं कुणाला वाटत नाही. संध्याकाळी मितू तिच्यावर मांडी घालून बसते आणि दिवसभराचं सगळं मोठ्याने सांगते. आबाजी मेलेत हे तिला माहीत आहे, कुणी विचारलं तर तसं सांगतेही. तरी बसते. मी आत कणीक मळता मळता कान देऊन असते. बालवाडीत कोण कोणाला चावलं, बाबाने दूध कसं उतू घालवलं, आईने चाव्या शोधताना कसं घर डोक्यावर घेतलं, एकही चुगली सुटत नाही. ती एक गोष्ट मात्र तिने त्यांना अजून सांगितलेली नाही.