अकरा अर्ज, एकच अक्षर

नोकरीतले बरेच गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणती चोरी कोणत्या ठाण्यातली, हे हल्ली बायकोच मला सांगते. हा गुन्हा मात्र जसाच्या तसा लक्षात राहिला आहे, आणि त्यात ना रक्त सांडलं होतं, ना कुणाचं काही चोरीला गेलं होतं.

वडील फौजेत होते. माझं बालपण दिल्लीच्या छावणीत गेलं आणि पुढे मी शेजारच्या हरियाणात पोलिसांत भरती झालो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, अशीच सगळी हयात गेली. तेव्हा मी मानेसरच्या पलीकडच्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. पंचायतीच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या. परवान्याच्या बंदुका जमा करणं, जुन्या भांडखोरांकडून चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून घेणं, मतदान केंद्रांची पाहणी, असं नेहमीचं काम चाललं होतं.

एका दुपारी कारखान्याच्या गणवेशातला एक माणूस आला. दुसऱ्या पाळीची बस गाठायची म्हणून घाईत होता.

"जनाब, मेरी घरवाली का नाम लिस्ट से कट गया. लिखा है, गाँव छोड़कर चली गई."

"गई है क्या?"

"घर पे ही है जी. अभी उसके हाथ की रोटी खाकर आया हूँ."

आमचा मुन्शी, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, हसला. खरं सांगायचं तर मीही हसलो. नवराबायकोचं काही बिनसलं असेल, असं मला वाटलं. पण तो माणूस हलेना. त्याची बायको बंगालची, लग्नाला पंधरा वर्षं झालेली. त्या भागात मुली कमी, म्हणून दूरच्या राज्यांतून मध्यस्थामार्फत सुना आणायची रीत होती. गाव त्यांना तोंडावर 'मोल की' म्हणायचं, म्हणजे विकत आणलेली. त्यांच्या वॉर्डातली पंचाची, म्हणजे पंचायत सदस्याची, जागा महिलांसाठी राखीव होती आणि ही बाई उभी राहणार होती. यादीत नाव नाही तर मत नाही आणि उमेदवारीही नाही. शिवाय कापलेलं नाव तिचं एकटीचं नव्हतं. गावातल्या अकरा परप्रांतीय सुनांची नावं एकाच वेळी उडाली होती. अंतिम यादी लागायला चार दिवस उरले होते.

मतदार यादीत पोलिसाला परस्पर हात घालता येत नाही. मी तहसिलीत जाऊन निवडणुकीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना भेटलो. त्यांनी लेखी तक्रार दिली आणि हरकतीचे अकरा मूळ अर्ज ताब्यात दिले. सगळ्यांवर गावातल्या एका म्हाताऱ्याचा अंगठा होता. म्हाताऱ्याला धड दिसत नव्हतं. पेन्शनचे कागद आहेत असं सांगून गावच्या चौधरीने आपला अंगठा घेतला, असं तो म्हणाला. या चौधरीची बायको त्याच वॉर्डातून उभी राहणार होती.

चौधरीला ठाण्यात बोलावलं. तो दोन तास मांडी घालून, शांतपणे उत्तरं देत बसला. खोटं बोलणारे घाबरतात, हा लोकांचा गैरसमज आहे. ज्याला गावाने कधी प्रश्न विचारलेला नसतो, तो पोलिसालाही घाबरत नाही. त्याच्या हस्ताक्षराचा नमुना घेतला. अक्षर जुळलं नाही. मग त्याने हुकमाचं पान टाकलं.

"जनाब, कटे हुए नामों में मेरे छोटे भाई की घरवाली भी है. अपने घर की वोट कोई काटता है क्या?"

मी अर्ज चाळून पाहिले, ते नाव खरंच होतं. त्याला जाऊ दिलं.

संध्याकाळी मी अर्ज पुन्हा टेबलावर पसरले. अक्षर गोल, नेटकं, शाळेत शाबासकी मिळवणारं. प्रत्येक अर्जात कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता: 'स्थलांतरित'. मी मुन्शीला विचारलं, "यह शब्द ठीक है?"

त्याने चष्मा पुसला. "ग़लती है, जनाब. स्थानांतरित होना चाहिए."

नजरचुकीने एकच चूक अकरा वेळा होत नाही. आणि मला तर ती चूक वाटलीच नव्हती, कारण माझ्या घरी तो शब्द असाच बोलला जातो. हिंदीत स्थानांतरित, मराठीत स्थलांतरित. अर्ज लिहिणारा हात मराठी शाळेत शिकलेला होता.

कारखान्यातल्या माणसाला फोन लावला. अकराजणींत महाराष्ट्राची कोणी आहे का? तो म्हणाला, "एक ही है जी. चौधरी के छोटे भाई की घरवाली."

बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी महिला हवालदाराला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात खाटेवर चौधरी, दारात त्याचा धाकटा भाऊ, आणि आत भिंतीला टेकून, चेहऱ्यावर पदर ओढून ती उभी. हिंदीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर येत होतं, "पता नहीं जी."

मी अर्ज मिटून ठेवले आणि मराठीत विचारलं, "ताई, माहेर कुठलं तुमचं?"

पदर हलला. मग हळू आवाजात ती म्हणाली, "परभणीकडचं." आणि एकदम रडायला लागली. सहा वर्षांत समोरासमोर कुणी तिच्याशी मराठी बोललं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

"क्या कह रही है?" चौधरी खाटेवरून उठला. महिला हवालदाराने त्याला हाताने थांबवलं.

"आई अंगणवाडीत होती," ती सांगू लागली. "मतदार यादीचं काम तिच्याकडेच असायचं. अर्ज मीच लिहून द्यायचे तिला. इथं घरात असे अर्ज भरता येणारी मी एकटी. भावजी म्हणले, लिही. मी म्हणलं, या बायका तर इथंच आहेत. तर म्हणले, नाही लिहिलंस तर तुला परत धाडू. पोरगी इथंच राहील."

"आणि तुमचं स्वतःचं नाव?"

"ते शेवटी लिहायला लावलं. म्हणजे आपल्यावर कुणी बोट ठेवणार नाही." ती पुढे म्हणाली, "दादा, स्वतःचं नाव खोडायचा अर्ज स्वतःच्याच हाताने लिहिला मी."

हे सगळं कोर्टापुढे सांगावं लागेल, असं मी म्हटल्यावर तिचा पदर दाराकडे वळला. दारात तिचा नवरा उभा होता. ट्रॅक्टर चालवणारा, अबोल माणूस. त्याला मराठीचं अक्षर कळलं नव्हतं, पण बायकोचं रडणं कळलं असावं. मोठ्या भावाकडे न बघता तो म्हणाला, "सच बोल दे. लड़की भी यहीं रहेगी, तू भी यहीं रहेगी."

त्या घरात थोरल्यासमोर धाकट्याने एवढं बोलणं ही लहान गोष्ट नव्हती.

तिचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवला. धाक घालून लिहून घेतलं म्हणून सरकारी वकिलांच्या सल्ल्याने तिला आरोपी न करता साक्षीदार केलं. चौधरीला अटक झाली, आठवड्याने तो जामिनावर सुटला. अंतिम यादीत अकराही नावं परत आली.

मतदानाच्या दिवशी गावच्या शाळेबाहेर मी बंदोबस्ताला होतो. अकराजणी एकत्र आल्या. त्यांतल्या कितीतरी बायका पहिल्यांदाच मत देत होत्या. कारखान्यातला माणूस रजा टाकून बायकोच्या नावाच्या चिठ्ठ्या वाटत, पार लांब, आखलेल्या रेषेपलीकडे उभा होता. परभणीची ती बाहेर आली तेव्हा माझ्याजवळ क्षणभर थांबली.

"दादा, कुणाला दिलं ते तुम्हालाही सांगणार नाही."

"सांगूच नका," मी म्हणालो.

ती हसली. तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

बंगालची बाई थोडक्या मतांनी हरली. चौधरीची बायको पंच झाली. खटला मी निवृत्त झाल्यावरही तारखा खात होता. आता ते गाव शहराच्या हद्दीत गेलं आहे, शेतांच्या जागी वीस वीस मजले उभे आहेत आणि पंचायत उरलेलीच नाही. कधी गाडीने तिकडून गेलो, तर शाळा कुठे होती हेही सापडत नाही.

तपासातल्या हुशारीचा मला अभिमान होता. या प्रकरणात माझी हुशारी एका शब्दापुरतीच चालली. पुढचं काम त्या बाईने केलं, आणि गमावण्यासारखं सगळं तिचंच होतं. साक्षीदार खरं बोलतो तेव्हा आम्ही ठाण्याच्या तक्त्यावर 'गुन्हा उघड' एवढंच लिहितो. त्याला त्या रात्री त्याच घरात जेवायचं असतं, हे आम्ही कुठे लिहीत नाही. ते लक्षात ठेवून वागायला मी तिथे शिकलो, आणि नोकरीची थोडीच वर्षं उरली असताना शिकलो, याची खंत आहे.