पसंतीला आलेल्या दोन गाड्या

माणसाला धक्का कसा द्यावा, हे आमच्या थोरल्या साडभाऊंकडून, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याकडून, शिकावं. आणि आपण धक्का दिला आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. अमडापूरला त्यांची डाळमिल आहे आणि ती उत्तम चालते, पण त्यांच्याकडे बघून कुणाला तसं वाटायचं नाही. अंगात कोपरावर विरलेला सदरा, पायात रबरी चप्पल आणि बुडाखाली एक जुनीपुराणी मोपेड. चढ आला की ते मोपेडवरून उतरतात आणि तिला हाताला धरून वर नेतात. कुणी हसलं तर म्हणतात, "तिचं बी वय झालं ना आता!" मी चिखलीला हायस्कुलात मास्तर आहे, रोज शंभर पोरांच्या खोड्या पचवतो. पण साडभाऊंचा फोन आला की आधी पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसतो.

त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे 'पसंती'. आमच्याकडे ओळखीचा दुकानदार चार साड्या, दोन जोड चपला विश्वासानं घरी पाठवतो. आवडलं ते ठेवायचं, उरलेलं परत करायचं. याला पसंतीला आणणं म्हणतात. साड्या-चपलांपर्यंत ही रीत ठीकच आहे, पण साडभाऊंनी ती कुठल्या कुठे नेली. एकदा त्यांनी छताचे पंखे दोन आणले, दोन खोल्यांत टांगले आणि आठवडाभर दुपारी आळीपाळीनं दोन्हींखाली झोपून पाहिलं. चष्म्याच्या दोन फ्रेमी आणल्या, एक सकाळी घालायचे, एक संध्याकाळी, आणि 'कोणत्या चष्म्यानं माणसं बरी दिसतात' हे वहीत लिहून ठेवायचे. लेकीच्या लग्नात तर दोन बँडवाले पसंतीला बोलावले. दोघांनी दारात एकदमच वेगवेगळी गाणी सुरू केली आणि गल्लीतल्या म्हशी दावं तोडून पळाल्या. साडभाऊ मात्र डोळे मिटून, मान डोलवत, शेवटपर्यंत दोन्ही ऐकत उभे होते.

तर परवाच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "मास्तर, रविवारी या दोघं. दोन गाड्या पसंतीले येऊन राह्यल्या."

मला वाटलं, मोपेडनं अखेर राम म्हटला. "कोणत्या हो?"

"बॅटरीवाल्या. लंब्या लंब्या. एक पांढरी, एक काळी." मग त्यांनी अडखळत दोन विलायती नावं सांगितली. मी ती मोबाइलवर पाहिली. मी खुर्चीत बसलेलोच होतो, तरी पुन्हा एकदा बसलो. ज्या गाड्यांतून मंत्रीदेखील जरा दबकून उतरत असतील, त्या या गृहस्थानं चपलांसारख्या घरी मागवल्या होत्या.

"पण काऊन, भाऊ?"

"काऊन म्हणजे? तुमच्या ताईले गाडी लागते ना!"

फोन ठेवून मी बायकोला म्हटलं, "तुझी बहीण एवढी हौशी असेल असं वाटलं नव्हतं. तिला गाडी लागते म्हणे, आणि तीही कोट्यवधीची." बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, लागते म्हणजे मळमळते! विसरले का?"

विसरलो नव्हतो, धक्क्यात सुचलं नव्हतं एवढंच. बायकोच्या थोरल्या बहिणीला आमच्याकडे अकडसासू म्हणतात, पण ताईंमध्ये ना अकड आहे, ना सासू. अत्यंत गरीब बाई. त्यांच्या नशिबी एकच दुखणं, गाडी लागण्याचं. एसटी स्टँडवरून सुटायच्या आतच त्यांचा चेहरा पांढराफटक पडतो. जीपचा वास, डिझेलचा धूर, इंजिनाची घरघर, काहीच सोसत नाही. एकुलती एक लेक लग्न होऊन पुण्याला गेली, त्याला सात वर्षं झाली. ताईंनी तिचं घर अजून पाहिलं नव्हतं. दोनदा निघाल्या आणि दोन्ही वेळा जालन्याहून अर्धमेल्या होऊन परत आल्या. लेक येऊन भेटून जायची, पण जाताना दर वेळी म्हणायची, "आई, एकदा माझं घर तं पाह्य." ताई हसून मान फिरवायच्या. साडभाऊंनी कुठेतरी वाचलं की बॅटरीच्या गाडीला धूर नाही, वास नाही, आवाज नाही. आणि त्यातल्या त्यात महागडी गाडी पाण्यासारखी चालते. झालं, त्यांचं ठरलं. या दोन गाड्यांच्या जिवावर बायकोला लेकीच्या दारात उभी करायची.

रविवारी डाळमिलच्या फरशीच्या मोठ्या अंगणात, जिथे एरवी तूर वाळते तिथे, दोन्ही गाड्या उभ्या होत्या. संभाजीनगरहून दोन वेगवेगळ्या शोरूमचे दोन विक्रेते आले होते, या उन्हात टाय बांधून, एकमेकांकडे पाठ करून. शेजारणींनी तोवर दोन्ही गाड्यांच्या तोंडावर ओल्या कुंकवाची स्वस्तिकं काढली होती. पांढऱ्या गाडीवाला रुमालानं आपलं स्वस्तिक पुसावं की त्याला नमस्कार करावा, या विचारात घामाघूम झाला होता. साडभाऊ त्याला समजावून सांगत होते.

"आमच्या घरी हिले गाडी लागते."

"हो सर, आजकाल लागतेच."

"आजकाल नाही हो, लहानपणापासून लागते."

"अरे वा! मॅडम मोठ्या घरच्या आहेत म्हणजे."

"जालन्यापर्यंत तं तीनदा लागते."

"तीन गाड्या, सर?" विक्रेत्यानं टाय सैल केला. मला तिथून बाजूला व्हावं लागलं.

आधी पांढरी. चालवायला विक्रेता, त्याच्या शेजारी साडभाऊ, मागे ताई आणि आम्ही दोघं. ताईंच्या हातात लिंबू आणि मांडीवर पिशवी. गाडी निघाली हे खिडकीबाहेरची झाडं सरकली म्हणून कळलं, इतकी ती बिनआवाजी. साडभाऊ दर मिनिटाला मागे वळून विचारत होते, "कसं वाटते वं?" उंद्रीचा फाटाही आला नव्हता, तेवढ्यात ताईंनी खूण केली. त्या दुधाळ रंगाच्या चामडी सीटांचं काय झालं ते लिहिण्यात अर्थ नाही. विक्रेता म्हणाला, की पेडलवरचा पाय उचलला की ही गाडी आपोआप हळू होते, त्या हेलकाव्यानं होतं काही जणांना. मग काळी निघाली. काळीत तर ताई गावाच्या वेशीपर्यंतही टिकल्या नाहीत.

परत आल्यावर साडभाऊ मिलच्या पायरीवर बसले. फरशीकडे पाहत म्हणाले, "धूर नाही, वास नाही, तरी बी लागते?" मला त्या क्षणी या विक्षिप्त माणसाची अशी काही कणव आली की सांगता येत नाही. पुण्याचा रस्ता त्यांच्या डोळ्यांदेखत बंद झाला होता.

ताई नळावर तोंड धुऊन आल्या. काळ्या गाडीच्या विक्रेत्याकडे निरखून पाहत त्यांनी विचारलं, "दिवसभर गाडीत राह्यतं, तुले नाही लागत का रे बावा?"

"काकू, जो चालवतो त्याला सहसा नाही लागत. मलाही मागे बसलो की होतं."

ताईंनी पदरानं तोंड पुसलं, पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "मंग सरक."

"अवो, हिले येते का चालवता?" साडभाऊ ओरडत उठले. माझी बायको शांतपणे म्हणाली, "भाऊजी, माहेरी देऊळघाटले बाबांचा ट्रॅक्टर तीच चालवत होती. तुमाले माहीत नाही?" छत्तीस वर्षांच्या संसारात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. तोवर गाडी हलली होती. क्लच नाही, गिअर नाही, ट्रॅक्टरवाल्या बाईला त्यात अवघड ते काय! शेजारच्या सीटवर विक्रेता दोन्ही हातांनी छत धरून देवाचं नाव घेत होता. ताईंनी अंगणाला सात फेऱ्या मारल्या, शेवटच्या दोन तर जरा जोरातच. मग गाडी आमच्यासमोर उभी करून उतरल्या. चेहरा लालबुंद, डोळे चमकत होते. साडभाऊंनी धावत जाऊन विचारलं, "लागली का?"

"हाव," ताई म्हणाल्या, "भूक लागली."

साडभाऊंनी दोन्ही विक्रेत्यांना जेवायला बसवलं आणि निकाल सांगितला, "काळी ठेवा. पांढरी वापस."

पुढले चार महिने ताई शिकत होत्या. आधी अंगणात, मग लायसन्सवाल्या क्लासच्या मास्तराला शेजारी घेऊन खामगाव रस्त्यावर. लायसन्सवरचा फोटो त्यांनी घरोघरी दाखवला. आणि एका गुरुवारी सकाळी दोघं पुण्याला निघाली. ताई चालवायला आणि साडभाऊ, ऐटीत, मागच्या सीटवर.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "पोचलो, मास्तर." आवाज बसलेला होता. "तिले काहीच नाही झालं. वाटेत चार्जिंगले थांबलो, तिथं तिनं वडापाव खाल्ला. मले लागली."

"तुम्हाला?"

"हो. तीनदा. कसं वाटते थे आज समजलं." मग हळूच म्हणाले, "छत्तीस वर्षं मी तिले चुकीच्या सीटवर बसवलं ना हो."

फोन चालूच होता. पलीकडे स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं वाजत होती आणि ताई लेकीला विचारत होत्या, "साखर कुठी ठेवतं वं तू?"