डोक्यामागचं वलय

मी लेखक नाही. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि लिहिण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही. तरी लिहितोय, त्याबद्दल आधीच माफ करा. जे झालं ते मलाच नीट कळलेलं नाही.

आमच्या चित्रकलेच्या सरांनी लघुचित्रांच्या एका वर्गाबद्दल सांगितलं होतं. जुन्या दरबारी पद्धतीचं, तळहाताएवढं व्यक्तिचित्र काढून पाठवायचं. पसंत पडलं तर वर्षभर तिथं शिकायला मिळणार. मला ते फार हवं होतं.

चेहरा मी वडिलांचा घेतला. ते चाकणला एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर आहेत. पहिली शिफ्ट करून आले की दुपारी ओट्यावर बसायचे.

"सरळ बघू का?"

"नाही, गोठ्याकडं बघा. जुन्या चित्रांत एकच डोळा दिसतो."

"मग दुसऱ्याला सुट्टी दिली व्हय?"

चित्रात मी त्यांना पागोटं घातलं, हातात गुलाब दिला. मिशीचा केस न् केस बारीक ब्रशनं काढला. शेवटी, सरांनी दाखवलेल्या चित्रांत होतं तसं, डोक्यामागं पिवळं वलय काढून त्याला सोनेरी कड दिली.

आई चहा घेऊन आली आणि चित्र बघून तिथंच थांबली.

"हे चक्र आदी पूस. निघोज्याच्या फाट्यावर श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागत्यात, त्यात असतंय असलं. जित्या माणसाला काढत्यात व्हय?"

रोज त्याच फ्लेक्सखाली बसची वाट बघतो मी. तरी माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

वडील हसले. "अगं, राजा केलाय पोरानं मला. ऱ्हाऊ दे."

सरांना फोन केला, तर ते म्हणाले, "वलय हवंच. त्याच्याशिवाय ती पद्धत पुरी होत नाही." मग मी कुणाचं ऐकायचं? चित्र तसंच वहीखाली ठेवून दिलं.

पुढं एका सकाळी कामावर निघताना वडिलांनी गाडीला किक मारली आणि लगेच बंद केली. माझ्याकडं न बघता विचारलं, "ते चक्र पुसलंस का?"

"नाही अजून."

"बघ. तुझ्या आईला बरं वाटंल."

आईलाच का, हे मी विचारलं नाही. कॉलेजला न जाता ओल्या ब्रशनं वलय उतरवलं. पिवळा डाग राहिला, त्यावर पार्श्वभूमीचा हिरवा रंग भरला. सरांनी चित्र बराच वेळ बघितलं आणि पाठवून दिलं.

मग नुसती वाट बघणं. निवड नाही झाली तर मला घरच्यांचा राग येईल का, याचीच भीती वाटायची. झाली तर मग वलयाचं एवढं काय होतं, तेही कळेना.

परवा दुपारी सरांचा फोन आला. वडील मोरीत हात धूत होते, त्यांनी नळ बंद केला.

सर म्हणाले, "प्रतीक्षा यादीत तुझं नाव पहिलं आहे. निवडलेल्यांतलं कुणी आलं नाही, तर तुला घेतील."