अक्काचं ‘काबर?’

अक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण धुळ्यात माझ्या पटकथा तपासल्या त्या तिनेच. समोरच्या घरातली ही बाई आमच्या अहिराणी व्हिडिओंत सासू व्हायची. बाजारातल्या भाजीवाल्यासुद्धा तिला ‘सासूबाई’ म्हणून दोन वांगी जास्त घालायच्या.

सकाळी ती गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, थापायची आणि मी शेजारी बसून वाचायचो. प्रसंग जमला, तर कापडावरची नजर न काढता म्हणायची, ‘‘मंग?’’ नाही जमला, तर हात थांबायचा. ‘‘काबर?’’ या ‘काबर’ने माझी किती पानं खाल्ली म्हणून सांगू!

एकदा माझी नायिका घर सोडून निघाली.

‘‘काबर?’’

‘‘अगं अक्का, इंटरव्हलला काहीतरी घडायला लागतं!’’

‘‘मंग ती तुनी गरज शे. तिनी नही.’’

मी तणतणत घरी गेलो, दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी नायिकेला मुकाट्याने परत आणलं.

पुढे मुंबईच्या एका निर्मात्याने गोष्ट ऐकायला बोलावलं. घरी ठरलं होतं, या वेळी जमलं नाही तर लिहिणं बंद आणि भावाच्या दुकानात बसायचं. शेवटच्या प्रसंगात आई मुलाला एसटीत बसवून देते. तिच्या तोंडी मी दीड पान घातलं होतं. अक्काने ते सगळं ऐकून घेतलं.

‘‘माय इतलं बोलस तोवर गाडी निंघी जास रे.’’

‘‘हे राहणार,’’ मी हट्टाने म्हणालो. लाडकं पान होतं ना ते!

निघताना ती स्टँडवर आली. बिबड्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, पदराने तोंड पुसलं. कंडक्टरने बेल दिली तेव्हा म्हणाली, ‘‘खिडकीपा बठ. तुले मयमय व्हस.’’

मला एसटी लागते, हे तिला ठाऊक. तेवढंच. चांदवड यायच्या आत मी ते दीड पान खोडलं आणि तिचं वाक्य लिहिलं.

निर्माते मोबाइल बघत ऐकत होते. तिसऱ्या प्रसंगाला त्यांनी तो उलटा ठेवला आणि म्हणाले, ‘‘मग?’’ माझा जीव भांड्यात पडला.

आईचं काम अक्काच करणार होती. शूटिंगच्या महिनाभर आधी ती झोपेतच गेली. मी मुंबईत होतो, तिचं तोंडही दिसलं नाही. ती सल अजून जात नाही.

तिच्या जागी आलेल्या नटीने शेवटचं पान दोनदा वाचून मला विचारलं, ‘‘मुलगा कायमचा चाललाय आणि आई एवढंच बोलते? का?’’

आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.

‘‘गाडी निघते म्हणून,’’ मी म्हणालो.