गुरुशांतप्पांची पाणपोई

आळंदहून गाणगापूरकडे जाणाऱ्या वाटेवर गुरुशांतप्पांची पाणपोई होती. पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात मी त्या रस्त्याच्या मोजणीला गेलो आणि माझी साखळी, झेंड्या तिच्याच छपराखाली ठेवू लागलो.

गुरुशांतप्पा आळंदचे भुसार व्यापारी. वडील मल्लप्पा वारल्यावर त्यांच्या नावानं त्यांनी इथं ओल्या वाळूत रांजण रोवले. तहानलेल्याला पाणी पाजण्याएवढं पुण्य दुसरं नाही, असं त्यांचं ठाम मत. ते पुण्य वाटेत सांडू नये म्हणून दोन नियम होते. पिणाऱ्यानं आधी 'मल्लप्पांचं पाणी' असं म्हणायचं. आणि घरच्या किंवा पगारी माणसानं त्यातला थेंबही घ्यायचा नाही. "आपलंच माणूस प्यालं तर त्याला दान कोण म्हणंल? तो खर्च झाला," असं ते समजावत.

म्हणून पाणी वाढणारी बाणूबाई दिवसभर रांजणांशेजारी बसे आणि घरून आणलेल्या मडक्यातलं पाणी पिई.

वैशाखातल्या एका दुपारी मालक तपासणीला आले. त्यांना सोडून गाडी पुढं गेली. ती परतणार संध्याकाळी. थोड्याच वेळात त्यांचे ओठ सुकले. विहीर कोसभर लांब. माझी सुरई त्याच रांजणातून भरलेली, म्हणून तीही बाद.

"प्या की मालक, कोण बघायलंय?" मी म्हणालो.

"वरून वडील बघायलेत."

शेवटी त्यांची नजर बाणूबाईच्या मडक्यावर गेली.

"हे तुझं घरचंच नव्हं?"

"व्हय. तुमचं कसं घीन? तुम्हीच न्हाई म्हणलाव."

"मग दे एक तांब्या."

तिनं तांब्या भरला, पण पुढं केला नाही. "आधी नाव घ्या."

"कुणाचं?"

"माझा बाप पिराजी. मागल्या साली गेला. त्याच्या नावानं मी कुठले रांजण रोवू? हाय ते हेच मडकं."

गुरुशांतप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी साखळीच्या कड्या तपासू लागलो.

"पिराजीचं पाणी," ते पुटपुटले.

"जरा मोठ्यानं, मालक. कानानं जड होता त्यो."

"पिराजीचं पाणी!" ते ओरडले आणि तांब्या वर धरून घटाघटा पिऊ लागले.

नेमकी तेव्हाच यात्रेकरूंची गाडी थांबली होती. गाडीवान मालकांच्या रांजणापाशी आला, हात जोडून भक्तिभावानं 'पिराजीचं पाणी' म्हणाला आणि त्यानं ओंजळ पुढं केली.

गुरुशांतप्पांनी जोरानं हात हलवला. पण तोंडात पाणी होतं, बोलता येईना.