मधल्या खोलीचं दार

नागुबाईच्या मधल्या खोलीचं दार आता लागत नाही. कडी धड आहे, बिजागऱ्या शाबूत आहेत. तीच लावू देत नाही. बोरीतले लोक म्हणतात, म्हातारी भ्रमिष्ट झाली. म्हणणाऱ्यांचं काय जातं?

बाई मुळात घाबरट नव्हती. रानात साप निघाला की गडी मागं सरायचे आणि ही काठी मागायची. धान्याच्या बाबतीत तर महाकडक. उन्हाळ्यात ज्वारी वाळवून पत्र्याच्या कोठीत भरायची, किडीच्या गोळ्या फडक्यात बांधून आत ठेवायच्या, आणि मग आठवडाभर त्या खोलीत कुणी थांबायचं नाही, सगळ्यांनी अंगणात निजायचं, हा तिचाच कायदा. त्या गोळ्यांची वाफ माणूस मारते, हे ती शेजारणींना दम देऊन सांगायची.

त्या मे महिन्यात युद्ध पेटलं. युद्ध कुठं आणि बोरी कुठं, पण मोबाइल सगळीकडे पोचतो. कुणीतरी व्हिडिओ पाठवला: शत्रू विषारी वायू सोडणार, आधी उग्र वास येईल, खोली बंद करा, फटीत ओली फडकी कोंबा. नात धनश्री सुट्टीला आलेली, तिचे आईबाप चाकणला. लेकराला काही झालं तर त्यांना काय तोंड दाखवू, या विचारानं नागुबाईला घास उतरेना.

दिवेलागणीला वीज गेली. ती रोजच जाते, पण त्या दिवशी वर विमानही घरघरलं. नागुबाईनं नातीला ओढत मधल्या खोलीत नेलं, कारण ती सगळ्यात बंदिस्त. नवऱ्याला, शिवरुद्रअप्पांनाही, आत घेतलं. लुगडं फाडून ओले बोळे फटीत कोंबले, कडी घातली. कोपऱ्यात कालच भरलेली कोठी होती. तिच्याच हातानं भरलेली.

थोड्या वेळानं वास आला, सडक्या लसणासारखा.

"आला बगा," ती म्हणाली आणि दाराखालचा बोळा आणखी दाबला.

धनश्रीला उलटी झाली. अप्पा अंधारात कोठीकडे वळले.

"अगं, ह्यो वास आपल्या ज्वारीतल्या गोळ्यांचा हाय. दार उघड."

"लेकराला मारायलाव का तुमी? बाहीर गॅस हाय." ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"नागू, ऐक माजं."

तिनं ऐकलं नाही. शेवटी अप्पांनी जन्मात पहिल्यांदा तिला ढकललं. कडी काढली, नातीला अंगणात नेऊन ठेवलं, परत येऊन बायकोला ओढत बाहेर आणलं. मग गल्लीतलं कुणी मदतीला धावून आत शिरेल आणि मरेल, म्हणून गोळ्यांचं फडकं काढायला पुन्हा आत गेले.

बाहेरची हवा स्वच्छ होती. शेजारचा बालाजी मोबाइल नाचवत आला, युद्ध थांबलं म्हणून सांगत. अप्पा आपल्या पायांनी बाहेर आले नाहीत. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून शेतात समाधी दिली, तेव्हाही नागुबाई घरीच होती, त्या दारापाशी.

धनश्री वाचली. यंदा संक्रांतीला ती आली, तेव्हा मधल्या खोलीतून गारठा येत होता.

"आजी, थंडी वाजायली. ते दार लाव की."

नागुबाईनं आपली गोधडी तिच्या अंगावर घातली, आणि जाऊन उंबऱ्याशी, दाराची फळी हातानं मागं धरून बसली.

"न्हाई बाळा," ती म्हणाली. "तुजे अप्पा आत हायत. यायचेत अजून."