फक्त सभासदांसाठी

तिला सगळा भाग बातमीताई म्हणायचा. कौतुकाने की टिंगलीने, ते म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागे. सोळा वर्षं तिने एका दैनिकात उपसंपादक म्हणून मान मोडून काम केलं. मग मालकाने एका शुक्रवारी ते दैनिक गुंडाळलं. बाकीचे कुणी विमा विकायला लागले, कुणी शिकवण्या घ्यायला. ही बाई मात्र हट्टाला पेटली. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून तिने आपल्या भागापुरता ब्लॉग सुरू केला. कुठला रस्ता कधी खणणार, दवाखान्यात कुठलं औषध संपलंय, नगरपालिकेच्या सभेत कोण झोपलं होतं, सगळं त्यात यायचं, झोपणाऱ्याच्या फोटोसकट.

लोक वाचायचे हो! रोज चार-पाच हजार लोक वाचायचे. पण वाचणं वेगळं आणि खिशात हात घालणं वेगळं. वेबसाइटचं भाडं होतं, रोज सकाळी वाचकांना ईमेल धाडणाऱ्या सेवेचं वेगळंच होतं. तिने काय काय करून पाहिलं नाही? पानाच्या कडेला जाहिराती लावल्या, तर मूळव्याधीच्या मलमाची जाहिरात नेमकी शोकवार्तेला खेटून बसली. ‘मदत करा’ असं बटण लावलं, ते तीन महिन्यांत दोनदा दाबलं गेलं, त्यातलं एकदा तिच्या नवऱ्याने. एका बिल्डरने वर्षभराची जाहिरात देऊ केली, पण त्याच्याच इमारतीला पडलेल्या भेगांची बातमी हिच्याकडे तयार होती. बातमी ब्लॉगवर गेली आणि जाहिरातही गेली. एका संस्थेच्या निधीसाठी बावीस पानी अर्ज भरला. उत्तर आलं, तुमचं काम मोलाचं आहे, पण फार छोटं आहे.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तोंडाने फार बोलणारा नव्हता. पण एके दिवशी जेवताना तो म्हणाला, “हा महिना बघ. नाही जमलं तर बंद कर. दोघंही मरतोय आपण यात.” गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीत जाहिराती लिहायची नोकरी तिला सांगून आली होती, आणि पहिल्या तारखेला उत्तर द्यायचं होतं. गाद्या! पालिकेच्या अधिकाऱ्यांची झोप उडवणारी बाई आता लोकांना झोपवायला जाणार होती. तिला रडू यायचं, आणि मग रडू आलं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

शेवटचा उपाय उरला होता सभासदत्वाचा. ऑनलाइन पत्रकारितेसाठी पैसा कसा उभारावा, यावर एक शिबिर झालं होतं, तिथे शिकवणाऱ्याने दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. एक, काही लेख फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी ठेवा. दुसरी, शीर्षकात सगळं सांगून टाकू नका, नाहीतर माणूस आत कशाला येईल? शंभर सभासद झाले की तिचं वर्ष निघत होतं. महिना संपायला आठवडा राहिला तरी झाले होते एकतीस.

त्या रविवारी तिने आठवड्याच्या मोठ्या लेखाला कुलूप लावलं. फक्त त्या एकाच लेखाला, रोजच्या बातम्या फुकटच राहणार होत्या. पण कुलूप लावायच्या त्याच पानावर अगदी खाली ‘यापुढच्या सर्व पोस्ट’ अशी एक चौकट होती, आणि तिच्यात आधीपासूनच खूण केलेली होती. तिने तेवढं खाली पाहिलंच नाही. मग सवयीप्रमाणे आपल्याच लॅपटॉपवर ब्लॉग उघडून खातरी केली. सगळं व्यवस्थित उघडलं. उघडणारच की! घराच्या मालकिणीला स्वतःच्या दाराचं कुलूप कधी आडवं येतं का?

सोमवारी पहाटे पाणीखात्यातल्या व्हॉल्व्हवाल्याचा फोन आला. “ताई, माझं नाव नको. रात्री खणताना गटाराची लाइन फुटलीये, पिण्याच्या पाण्यात घाण शिरतेय. साहेब दुपारपर्यंत तोंड उघडणार नाहीत.” ती तशीच चपला सरकवून खड्ड्यापाशी गेली, नाक दाबून डोळ्यांनी पाहिलं, अभियंत्याला फोनवर गाठून त्याच्याकडूनही वदवून घेतलं. पावणेसातला बातमी टाकली. शीर्षक दिलं, ‘तुमच्या नळाचं पाणी आज कसं आहे? आधी हे वाचा.’

सात वाजता फोन वाजला, टिंग. नवा सभासद. मग दुसरा, मग चार एकदम. साडेआठला सत्तर, नऊला शंभरच्या वर! “अहो, या ना इकडे!” ती ओरडली. नवरा एका पायात बूट घालून लंगडत आला. “लोकांना पटलं हो. लोकांना आपली किंमत कळली!” तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. नवऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरा बूट घालून कामावर गेला.

त्या सकाळी प्रूफकाकांचा मात्र फोन आला नाही. हे तिच्या जुन्या दैनिकातले प्रूफ वाचणारे, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, तीन गल्ल्या सोडून एकटे राहायचे. रोज आठच्या ठोक्याला फोन करून चुका काढायचे. आज फोन नाही, म्हणजे एकही चूक नाही, असं समजून ती आणखीच फुशारली.

दहाच्या सुमाराला खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई दारात आली. गळ्यात अजून टेपच होती. “ताई, तुमचा ब्लॉग पैसे मागतोय. माझ्याकडे कुठलं आलंय कार्ड? पाणी प्यायचं का नाही, एवढं तोंडी सांगा ना.”

तिने त्या बाईच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावला. शीर्षक आणि रात्रीच्या खोदकामाच्या दोन ओळी दिसत होत्या. त्यांच्याखाली करड्या चौकटीत लिहिलं होतं, ‘पुढील मजकूर फक्त सभासदांसाठी’.

पुढची दहा मिनिटं तिने काय केलं ते तिला आठवत नाही. कुलूप काढलं, मिळेल त्या ग्रुपवर संदेश टाकले, जिने चढून उतरून दारं ठोठावली. प्रूफकाका तिच्या डोक्यातही आले नाहीत. काकांना कोण काय सांगणार, ते तर सगळ्यांच्या आधी वाचतात.

राहिला प्रश्न पैशांचा. सोमवारी एकशे नऊ जणांनी पैसे भरले होते, ते पाणी प्यावं की नाही हे कळावं म्हणून. परत करावेत, हे तिला समजत होतं. पण परत केले की ब्लॉग मेला. मंगळवारभर ती स्वतःशी भांडली. कुणी बळजबरी केली होती का? मी मुद्दाम केलं का? आणि ब्लॉगच नसता, तर यांना सांगणार कोण होतं? नवऱ्याने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मंगळवारीही काकांचा फोन आला नाही. बुधवारी त्यांच्या शेजाऱ्याचा आला. काका इस्पितळात होते.

खोलीत सहा खाटा होत्या, आणि सहाही आजारी याच भागातले. काका खिडकीकडच्या खाटेवर होते, हाताला सलाइन, गाल आत गेलेले. तिला बघून त्यांनी उठायची धडपड केली.

“पोरी, रागावू नकोस,” ते म्हणाले. “मला ते ऑनलाइन पैसे भरणं जमत नाही. भाचा आला की भरून घेणार होतो. तू मला बंद केलंस त्यात तुझं काही चुकलं नाही. इतकी वर्षं फुकटच वाचलं की मी.”

“काका, तुम्हाला नव्हतं हो बंद केलं. माझ्याकडून...”

“असू दे. काय होती बातमी?”

तिने खाटेची कड घट्ट धरली. “पाणी पिऊ नका, अशी होती काका. गटार मिसळलंय.”

काका पन्नास वर्षांच्या सवयीने, अगदी हळू आवाजात म्हणाले, “मग ते शीर्षकात घ्यायचं की गं.”

बाहेरच्या बाकावर बसून तिने एकशे नऊ जणांचे पैसे परत पाठवले. सगळ्यांचे एकदम पाठवायची सोय नव्हती. एकेक नाव वाचावं लागलं.